मैदान मोकळे आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी १९४७

इंदूने नगरहून येताना ही वही आणली. म्हणाली, "दिवसभर स्वतःशीच बोलत असता, त्यापेक्षा लिहीत जा." बायकोचे एवढे तरी ऐकावे म्हणून लिहितो.

भिंगारच्या लष्करी कोठारात मी सात वर्षे कारकुनी केली. लढाई संपली, कोठार आटोपले आणि मला इथे कर्जत तालुक्यात, गावापासून पाऊण मैलावर, एका रिकाम्या मैदानावर आणून बसवले. मैदान लढाईत लष्कराने केले, आता ते हवाई खात्याचे. मंगळवारी आणि शुक्रवारी मुंबईहून हैदराबादकडे जाणारे विमान डोक्यावरून जाते. त्याचे यंत्र वाटेत बिघडले किंवा वादळ आडवे आले तर उतरायला कुठेतरी जागा हवी, ती ही. दीड वर्षात कोणी उतरलेले नाही. उतरू नये हेच बरे, पण उतरलेच तर सगळे जागच्या जागी हवे. न येणाऱ्या पाहुण्यासाठी रोज पान वाढून ठेवायचे, अशी ही नोकरी आहे.

हजार वार लांबीची पट्टी रूळ फिरवून सपाट ठेवायची. तिच्या मधोमध चुन्याचे मोठे वर्तुळ आहे, ते आभाळातून दिसले पाहिजे. खांबावर वारा दाखवणारी कापडी पिशवी, विमानाला खूण करायला धुराचा डबा, जखमींसाठी उचलती खाट, औषधाची पेटी. दर शनिवारी मुंबईला एक कार्ड टाकायचे, "मैदान मोकळे आहे". काही कारणाने ते बंद असेल तर मात्र कार्डावर भागत नाही, त्याच दिवशी कर्जतहून तार करायची. म्हणजे अडलेला वैमानिक इकडच्या आशेवर राहणार नाही. पुण्याच्या पंधरा दिवसांच्या शिकवणीत साहेबाने ही एकच गोष्ट तीनदा सांगितली. आम्हाला काय कळत नाही, असे तेव्हा वाटले होते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

विमान नऊ चाळीसला गेले. बाबाजानने सलाम ठोकला. हा माझा मदतनीस, भिंगारचाच. लढाईत आसामकडे विमानतळावर आग विझवणाऱ्या तुकडीत होता. डावा हात कोपरापर्यंत भाजलेला आहे, त्याविषयी विचारले तर विषय बदलतो. मी सहज म्हटले, "वरची माणसं आपल्याकडे बघत असतील का रे?"

"ठीक चाललं आसंल तर न्हाई बघत, सायेब," तो म्हणाला. "बिघडलं की मग समदे खालीच बघत्यात."

गावातले कोणी आमच्याकडे फिरकत नाही. त्रेचाळीस साली हे रान अकरा शेतकऱ्यांकडून काढून घेतले. घेतले सरकारने, पण गावाच्या लेखी ते मीच खाल्ले आहे. इंदूने संक्रांतीचे हळदीकुंकू केले, एक बाई आली नाही. तिळगूळ आम्ही दोघांनी आणि बाबाजानने आठ दिवस खाल्ला. डबा घासताना इंदू रडत होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज मोठा दिवस. सकाळी एक म्हातारी धापा टाकत आली. केशरबाई नाव. सून अडली होती, मूल आडवे, आणि गाडीचे हिसके सोसण्यासारखी तिची स्थिती नव्हती. इथे उचलायची खाट आहे हे तिला कुठून कळले कोण जाणे. खाट मैदान सोडून जाऊ नये असा नियम आहे. मी दोन मिनिटे थांबलो, मग नियम गुंडाळून ठेवला. मी, बाबाजान आणि गावातले दोघे, आळीपाळीने खांदा देत कर्जतच्या दवाखान्यात पोचलो. बाई सुटली. मुलगा झाला.

परतताना गावातून आलो तर माणसे ओट्यावरून उठून उभी राहिली. एवढा मान मला भिंगारला सात वर्षांत मिळाला नव्हता. खरे सांगायचे तर फार बरे वाटले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

घरात मेथी, हरभऱ्याचे घाटे, गूळ. रोज कोणीतरी काहीतरी आणून देते. इंदूला दोन मैत्रिणी मिळाल्या आहेत, ती कामे करताना गुणगुणते. आमची पाण्याची टाकी आटली म्हणून गावचे पाटील आबासाहेब स्वतः आले आणि आपल्या विहिरीचे पाणी घ्या म्हणाले. फार सौम्य माणूस. आवाज चढवत नाही, त्यामुळे नाही म्हणणे जड जाते.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आबासाहेब आणि केशरबाई आले होते. ज्वारीची काढणी झाली आहे, मळायला जागा नाही. चार वर्षे हे लोक गावामागच्या खडकाळ माळावर मळतात.

"निम्मी जवारी खड्यात जाती, भाऊसाहेब," केशरबाई म्हणाली. "आन् ह्यो तुमचा पांडरा गोल हाय न्हवं, तितंच माजं खळं हुतं. सासऱ्याच्या बापापासनं. आमी काय परक्याचं मागत न्हाई."

आबासाहेब म्हणाले, "चार दिवसांचं काम. रान तुडवून पुन्हा होतं तसं करून देऊ. तुमाला त्रास न्हाई."

विचार करून सांगतो म्हणालो. बाबाजानला सांगितले तर त्याने कानाला हात लावले. इंदूचे म्हणणे, "दीड वर्षात विमान उतरलं नाही ते या चार दिवसांत उतरायचंय का?" यात चूक काय, ते मलाही सांगता येईना.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

हो म्हटले. विहीर त्यांची आहे हे कारण नव्हे. जमीनच त्यांची आहे.

रविवार, २ मार्च

खळे तयार झाले. शेणाने सारवून असे गुळगुळीत केले आहे की जेवायला बसावे. पण एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. बैल फिरवायचे तर खळ्याच्या मधोमध खांब लागतो, त्याला हे मेढ म्हणतात. मनगटाएवढी काठी असेल असे मी धरून चाललो होतो. निघाला चांगला मांडीएवढा बाभळीचा सोट, छातीभर उंच, हातभर खोल पुरलेला. हळदकुंकू, नारळ, सगळे झाले. मी आबासाहेबांना बाजूला घेऊन म्हटले, "संध्याकाळी काढून ठेवता येईल का?"

त्यांनी माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावे तसे पाहिले. "मेढ पूजल्यावर रास उचलंस्तोवर काढत न्हाईत, भाऊसाहेब. लक्षुमी जाती." आणि अकराही घरांची ज्वारी याच खळ्यावर यायची आहे, हेही तेव्हाच समजले.

बाबाजान सगळे गेल्यावर म्हणाला, "सायेब, तार तरी करा. मैदान बंद म्हनून."

मुद्दा बरोबर आहे. पण तार केली की का बंद, किती दिवस, कोणाच्या परवानगीने, असे सुरू होईल. मी मैदान पावलांनी तपासले. खळ्याच्या अलीकडे चारशे वार मोकळे आहेत, पलीकडे थोडे अधिक. हुशार वैमानिकाला तेवढे पुरावे.

शनिवार, ८ मार्च

चार दिवसांचे सहा झाले, सात घरांची मळणी उरकली. चुन्याच्या वर्तुळाचा जो भाग खळ्याबाहेर उरला होता, त्यावर कडब्याची गंज उभी राहिली आहे, कारण तीच जागा सर्वांत कोरडी. वाऱ्याची पिशवी आबासाहेबांच्या माणसाने उतरवून नेली, राशीवर झाकायला. लगेच देतो म्हणाला.

आज कार्ड लिहायचा दिवस. "मैदान मोकळे आहे" असे लिहिले. लेखणी थोडी अडली, पण आता दुसरे काय लिहिणार. गेल्या शनिवारी तर ते खरेच होते.

मंगळवार, ११ मार्च

विमान गेले, नेहमीच्या वेळी. खळ्यावरच्या पोरांनी हात हलवले. बाबाजानने सलाम केला नाही, तोंड फिरवून उभा राहिला. मग धुराचा डबा काढून त्यात तेलात भिजवलेले ताजे बोळे भरत बसला. मी विचारले, कशाला? म्हणाला, "मला झोप लागत न्हाई, सायेब. हाताला काम पायजे." माणूस तऱ्हेवाईक होत चालला आहे.

पूर्वेकडे रोज दुपारी ढग जमतात. गारांची भीती आहे, म्हणून सगळ्यांची घाई चालली आहे. उरली फक्त केशरबाईची रास. शुक्रवारी उचलतील, मग मेढ निघेल आणि मी सुटेन.

शुक्रवार, १४ मार्च

जसे झाले तसे लिहितो.

सकाळी नऊ चाळीसला विमान आले नाही. मुंबईला खोळंबले असेल असे वाटले. चारच्या सुमारास केशरबाईची रास मोजायला घेतली. आभाळ जामखेडच्या बाजूला काळे ठिक्कर पडले होते, त्यामुळे सगळे गाव आवरायला आले होते, चाळीस तरी माणसे. रास मोजताना कोणी बोलत नाही. मोजणारा पहिल्या पायलीला "लाभ" म्हणतो, पुढचे आकडे पुटपुटतो, बाकी सगळे अनवाणी, मान खाली घालून. मध्ये कोणी बोलले किंवा मोजणी थांबली तर रास मोडली असे धरतात. मीही वहाणा काढून उभा होतो.

मग आवाज आला. नेहमीचा सलग नव्हे, मध्येच तुटणारा. विमान ढगाखालून निघाले आणि आमच्यावर आले. इतके खाली मी ते कधी पाहिले नव्हते. एक घिरटी घेतली. मोजणाऱ्याने मान वर केली नाही. कोणीच केली नाही. पायली भरत होती, रिकामी होत होती.

बाबाजान धावला आणि धुराचा डबा पेटवला. डबा कडब्यापासून वीस हातांवर होता आणि वारा कडब्याकडे होता. मी तसाच पळत गेलो आणि डब्यावर ओली गोणी टाकली. हे मी केले, दुसऱ्या कोणी नाही. एक ठिणगी पडली असती तर अकरा घरांचा चारा गेला असता. आणि धूर पाहून विमान उतरलेच असते तर थेट या चाळीस माणसांत. याचा तरी कोणी विचार करावा.

बाबाजानने माझ्याकडे पाहिले आणि तो खळ्यावर धावला, जोड्यांसकट. मेढीला मिठी घालून हलवू लागला. दोघांनी त्याला मागून धरले. तेही न बोलता. त्याच्या तोंडावर कोणाचा तरी हात होता. मी हाक मारली असती तर त्यांनी सोडले असते का, सांगता येत नाही. मी मारली नाही.

दुसरी घिरटी. तिसरीला विमान पट्टीच्या रेषेत आले, चाके दिसली, आणि खळ्याच्या अलीकडे एकदम उचलले. खिडक्या दिसल्या. एका खिडकीत काहीतरी पांढरे होते, रुमाल असावा. मग ते जामखेडकडे गेले.

थोड्या वेळाने गारा आल्या. रास तोवर पोत्यांत गेली होती, एक दाणा भिजला नाही. केशरबाई माझ्या पाया पडली.

हैदराबाद फार लांब नाही. पोचले असेल.

शनिवार, १५ मार्च

दुपारी कर्जतहून तारवाला सायकलवर आला. मुंबईची तार. काल विमान दिसले काय, मैदानाची स्थिती काय, ताबडतोब कळवा. तारवाल्यामागून दहा मिनिटांत आबासाहेब आले. ओसरीवर बसले, पाणी मागितले, प्याले.

"तुमी आमच्यासाटी केलं," ते म्हणाले. "आता गाव तुमच्यासाटी करंल. पर काय लिवायचं ते तुमी ठरवा. केशरबाईला धरून नेलं तर तिचा नातू एक म्हयन्याचा हाय, तेवडं बगा."

मी लिहिले, "ढगांमुळे विमान दिसले नाही. मैदान मोकळे." तारवाला गेल्यावर लक्षात आले, हा शनिवार आहे, कार्डही टाकायचे आहे. त्यावरही तेच लिहिले.

रविवार, १६ मार्च

सारे गाव कामाला लागले. मेढ काढली, खड्डा भरून चोपला, गंज हलवली, रूळ चार वेळा फिरवला. बायकांनी कडब्याची काडी न् काडी वेचली. चुन्याचे वर्तुळ नवे काढले, पूर्वीपेक्षा कितीतरी ठळक. वाऱ्याची पिशवी धुऊन परत लावली. धुराच्या डब्यातले जळके बोळे काढून मी ताजे भरले. दीड वर्षात मैदान इतके सुरेख कधी दिसले नव्हते. बाबाजान दिवसभर खोलीत होता.

सोमवार, १७ मार्च

जामखेडच्या पुढे डोंगरात सापडले. वैमानिक आणि सहा उतारू. कोणी उरले नाही.

ते मूळचेच नादुरुस्त होते, इथे उतरते तरी धडपणे उतरते असे कोणी सांगावे? हे मी इंदूला म्हटले. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

बाबाजान वळकटी घेऊन आला. भिंगारला परत जातो म्हणाला. पगार पुरत नसणार, त्याचे तरी काय चुकले. मी म्हटले, "बाबाजान, त्या दिवसाविषयी..."

"मी कुनाला सांगनार न्हाई, सायेब. मला कोन इचारनार? इचारतील ते तुमाला." एवढे बोलून गेला. पगाराची पावतीही घेतली नाही.

सोमवार, २४ मार्च

चौकशीचे साहेब आले. तासभर फिरले, काठीने जमीन ठोकून पाहिली. मेढीच्या जागेवरून दोनदा गेले. पण त्यांना काही दिसले नाही. आबासाहेबांनी सांगितले, विमान दिसले नाही, आवाजही नाही. साहेबांनी धुराच्या डब्यातले ताजे बोळे पाहिले आणि माझी पाठ थोपटली. म्हणाले, "एवढं मैदान पायाखाली असताना वैमानिकाला सापडलं नाही, म्हणजे तो गडबडला. अहवालात तसंच येईल." तुमच्यासारखी माणसे खात्याला हवीत, असेही म्हणाले.

मी सुटलो. आनंद व्हायला हवा होता. जेवण गेले नाही.

बुधवार, २ एप्रिल

केशरबाईने पंधरा दिवसांपूर्वी राशीतली पहिली पायली आमच्या घरी पाठवली होती, नव्या टोपल्यात, वर हळदकुंकू. फार मानाची गोष्ट आहे. इंदू ती दळत नाही. किडे होतील म्हणतो तर ऐकत नाही. गावातल्या मैत्रिणी आल्या तरी आतच बसते. या उन्हाळ्याचा तिला फार त्रास होतो आहे. आठ दिवस माहेरी पाठवावी.

रविवार, ६ एप्रिल

सकाळी एक दमणी, पडद्याची बैलगाडी, येऊन थांबली. एक गृहस्थ उतरले, साठीच्या पुढचे, काळी टोपी, पांढरे धोतर. मला वाटले खात्याचेच कोणी. त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "मी नृसिंहराव. संगमनेरला शाळामास्तर होतो. हेमचंद्र माझा मुलगा. ते विमान तो चालवत होता."

मी त्यांना बसायला सांगितले. ते म्हणाले, "बसेन. आधी मैदान पाहू द्याल?"

ते पट्टीच्या एका टोकाला गेले आणि चालू लागले. मी मागून. ओठ हलत होते, पावले मोजत होते. वर्तुळात आल्यावर थांबले, खाली वाकून चुन्यावर बोट फिरवले, पुन्हा चालू लागले. ऊन चढले होते. छत्री उघडा म्हटले तर हात हलवून नको म्हणाले. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

परत येऊन ओसरीवर बसले. इंदूने पाणी दिले.

"खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "मैदान वाईट असेल अशी आशा धरून आलो होतो. खड्डे असतील, गुरं चरत असतील, चुना उडालेला असेल. तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. आहे की नाही पाप?"

मी म्हटले, "ढग फार होते त्या दिवशी."

"ढग होते. पण मैदान होतं ना." मग म्हणाले, "हेमचंद्र घाईगर्दीचा नव्हता हो. लहानपणी साधं पत्र लिहिलं तरी तीनदा वाचून मग पाकिटात घालायचा. असा मुलगा गडबडला, हे मनाला पटत नाही. त्याची आई रोज एकच विचारते, इतक्या लांबच्या वाटेवर त्यांच्यासाठी कुणी काहीच तयार ठेवलं नव्हतं का? आता घरी जाऊन तिला सांगतो, सगळं तयार होतं. आपलाच चुकला." मग माझ्याकडे पाहून विचारले, "चुकलाच म्हणायचा ना?"

इंदू दारात उभी होती. तिने तोंड उघडले. मी तिच्याकडे पाहिले. ती आत गेली.

"हो," मी म्हटले. "चुकले असावेत."

त्यांनी मान हलवली, टोपी नीट केली, उठले. दमणीत बसल्यावर पुन्हा खाली उतरले, काही विसरले असावे असे वाटले. जवळ येऊन माझे दोन्ही हात हातात धरले. म्हणाले, "त्या सहा जणांच्या घरच्यांची मी कशी क्षमा मागू मला कळत नाही. पण तुम्ही तुमचं काम चोख केलंत. तुमची क्षमा मागतो, तुमच्या कामाचं त्याने चीज केलं नाही."

मी त्यांना दमणीत बसवले आणि पडदा सोडून दिला.